मुळांवरच्या गाठी

जबलपूर शहराच्या अधारताल भागात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर संशोधन हाती घेतले. मध्य भारतातील बहुतेक शेतकऱ्यांना हे पीक तेव्हा नवखे होते.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. प्रथिने तयार होण्यासाठी नायट्रोजन लागतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. परंतु वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. नदीकाठी राहूनही तहानलेले राहावे, तशी त्यांची स्थिती असते.

ही अडचण जमिनीतील रायझोबियम गटातील जिवाणू दूर करतात. ते कोवळ्या मुळांत शिरतात आणि तेथे लहान गाठी तयार होतात. या गाठींत ते हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करून रोपाला देतात. त्याच्या मोबदल्यात रोप त्यांना पानांत तयार झालेली शर्करा पुरवते.

मात्र प्रत्येक वनस्पतीचा सोबती वेगळा असतो. हिमालयातील उतीस वृक्षाच्या मुळांवर फ्रँकिया जिवाणूंच्या गाठी असतात. हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला उपयोगी पडत नाहीत. सोयाबीनला अनुरूप जिवाणू नव्या जमिनीत पुरेसे नसतात. म्हणूनच पेरणीपूर्वी बियाण्याला त्यांचे संवर्धन चोळण्याची पद्धत रूढ झाली.

१० किलो बियाण्याला साधारणपणे २५० ग्रॅम संवर्धन लागते. गुळाच्या थंड द्रावणात ते कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. उन्हात ठेवलेल्या किंवा मुदत संपलेल्या पाकिटातील जिवाणू मेलेले असू शकतात.

फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मुळांसकट अलगद उपटून गाठ कापून पाहावी. आतील भाग गुलाबी दिसल्यास जिवाणू कार्यरत आहेत असे समजावे. पांढरा किंवा हिरवट दिसल्यास ते निष्क्रिय आहेत. युरिया जास्त दिल्यास गाठी कमी धरतात व खर्च मात्र वाढतो.

याच विद्यापीठाने विकसित केलेला ‘जे. एस. ३३५’ हा वाण १९९४ साली प्रसारित झाला व विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतही रुजला. रोपाच्या वाढीत बियाण्याइतकाच या अदृश्य सोबत्यांचाही वाटा असतो. संवर्धन हे सजीव आहे, हे ओळखून ते जपणाऱ्या शेतकऱ्यालाच त्याचा लाभ मिळतो.