गरम रेडिएटरचे झाकण का उघडू नये?



अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूर मागे पडले की रस्ता घाट चढू लागतो. घाट संपला की मेडशी, मग मालेगाव आणि मग आपले वाशीम. उन्हाळ्यात या चढावर एखादी जुनी जीप किंवा ट्रक कडेला उभा दिसतो. बॉनेट उघडे, समोरून वाफा निघताहेत, आणि ड्रायव्हरमामा हातात पाण्याचा डबा धरून नुसतेच उभे! डब्यात पाणी आहे, इंजिनाला पाणी हवे आहे, मग ओतत का नाहीत बरे? यामागे मोठे शास्त्र आहे. ते समजून घेऊ.

इंजिनाला पाणी कशाला?

इंजिनात डिझेल किंवा पेट्रोल जळते तेव्हा आतला वायू २००० अंशांच्याही वर तापतो. (या लेखात सगळीकडे अंश सेल्सिअस समजावे.) ॲल्युमिनिअम तर ६६० अंशांवरच वितळते. जळणाच्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे करा. एक वाटा गाडी ओढायला लागतो, एक धुराबरोबर निघून जातो आणि तिसरा इंजिनाच्या अंगात शिरतो. हा तिसरा वाटा बाहेर काढायचे काम पाण्याचे. पंप हे पाणी इंजिनाभोवतीच्या पोकळीतून फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते, तिथे पंखा आणि समोरचा वारा त्याला निववतो, आणि निवलेले पाणी परत इंजिनाकडे जाते. दिवसभर ही फेरी चालूच.

सुरुवातीच्या मोटारीत मात्र पाणी उघडेच उकळत असे व वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई, नवरा कार्ल बेंझ याने बनविलेली मोटार घेऊन, आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला आईच्या गावी गेली. प्रवास शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत तिला पुन्हा पुन्हा थांबून मोटारीत पाणी भरावे लागले. पुढे पाणी बंद जागेत, दाबाखाली ठेवण्याची युक्ती आली आणि हा त्रास संपला.

कुकरचीच युक्ती

पाणी १०० अंशांवर उकळते असे आपण पुस्तकात वाचतो. पण ते समुद्रकाठी. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळते. वाशीम समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे, म्हणून इथे पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. एव्हरेस्टच्या शिखरावर तर ७० अंशांच्या आसपास!

आता उलटा विचार करा. दाब वाढवला तर? तर पाणी उशिरा उकळेल. आईच्या कुकरमध्ये हेच होते. वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, पाणी १०० च्या पुढे तापते आणि तुरीची डाळ लवकर शिजते.

रेडिएटरचे झाकणही तसेच. त्यात एक स्प्रिंग असते. पुष्कळ झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. एका चौरस सेंटिमीटरवर साधारण तितक्या किलोचा जादा दाब झाला की स्प्रिंग उचलली जाते आणि थोडे पाणी शेजारच्या बाटलीत जाते. इंजिन निवले की तेच पाणी आपोआप परत ओढले जाते. ०.९ च्या झाकणाखाली आपल्या वाशीमला पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. उकळू न देणे महत्त्वाचे, कारण वाफेचे बुडबुडे धातूची उष्णता पाण्यासारखी वाहून नेत नाहीत.

झाकण उघडले तर?

हाच मुद्दा नीट वाचा. समजा आत ११८ अंशांचे १० लिटर पाणी आहे. कुणी घाईने झाकण फिरवले. दाब एका क्षणात गेला. आता हे पाणी ९८ अंशांच्या वर पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्यातल्या साडेतीनशे ग्रॅमहून अधिक पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. ती सुमारे ६०० लिटर भरते, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम! ती बाहेर येताना उरलेले उकळते पाणीही सोबत उडवते, आणि झाकणावर वाकलेल्या माणसाचे तोंड, डोळे, हात भाजतात. म्हणून ड्रायव्हरमामा थांबून राहतात.

कूलंट म्हणजे काय?

हल्ली साध्या पाण्याऐवजी हिरवे, लाल किंवा निळे कूलंट घालतात. त्यात बहुतेक वेळा ग्लायकोल नावाचा द्रव असतो. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांवर आणि झाकणाखाली सुमारे १२५ अंशांवर उकळते. लडाखच्या थंडीतही ते गोठत नाही. त्यातली औषधे गंज धरू देत नाहीत. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्यांचा थर जसा चुलीवरच्या भांड्यात बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. म्हणून कूलंटमध्ये मिसळायला शुद्ध केलेले पाणी घ्यावे. मात्र उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच थोडे सरस, म्हणून नुसते ग्लायकोल भरू नये. आणि कूलंट आहे म्हणून झाकण उघडायला हरकत नाही, असेही समजू नये. धोका तोच!

शेतकरी पालकांसाठी

सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन्‌तास चालतो. समोरून वारा मिळत नाही, त्यात उडालेले कुटार रेडिएटरच्या जाळीत अडकते. पाणी पुरेसे असूनही इंजिन तापते ते यामुळे. इंजिन बंद करून, ते निवले की जाळी साफ करावी. पंख्याचा पट्टा सैल नाही ना, तेही पाहावे.

लक्षात ठेवा

१. काटा लाल खुणेकडे गेला की गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

२. निदान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी हाताला गरम लागत असेल तोवर झाकणाला हात लावू नये.

३. निवल्यावरही झाकणावर जाड फडके ठेवून, तोंड बाजूला करून, आधी थोडेच फिरवावे. फुस्स आवाज आला तर पुन्हा थांबावे.

४. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. धातूला चीर जाते.

५. कुणी भाजलेच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे आणि दवाखान्यात न्यावे. पेस्ट, शाई, हळद लावू नये.

६. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. सरबताच्या बाटलीत ते कधी भरू नये, सांडलेले पुसून घ्यावे. लहान भाऊबहिणी व कुत्री-मांजरे यांना जपावे.

करून पाहा

उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, वडिलांना किंवा काकांना सोबत घेऊन ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या रेडिएटरच्या झाकणावरचा आकडा वाचा. झाकण उघडायचे नाही, फक्त वाचायचे. आकडा वहीत लिहून वर्गात आणा. कुणाचे झाकण जास्त दाब धरते आणि कुणाच्या गाडीतले पाणी उशिरा उकळेल, ते आपण मिळून सांगू.