मॅच हलत नाही, मुलाखत हलते

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमधल्या काही घरांत रात्रीचं जेवण तासभर पुढे सरकतं. न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाकडच्या हॉस्पिटलात सकाळी आठला सुरू होणारी मुलाखत तोवर आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला असते, ती साडेसहाला होते. कॅलिफोर्नियातली असेल तर रात्री साडेनऊला. इथे एमबीबीएस करून तिकडच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज केलेले तरुण डॉक्टर ऑक्टोबर ते जानेवारी या घड्याळावर जगतात. 2020 मध्ये कोविडमुळे या मुलाखती ऑनलाइन झाल्या आणि बहुतेक ठिकाणी तशाच राहिल्या. आता विमानाचं तिकीट लागत नाही. एक मोकळी भिंत लागते, मध्येच न तुटणारं वायफाय लागतं आणि घरातल्या सगळ्यांनी गप्प बसावं लागतं.

यंदा ती भिंत आमच्या घरातली आहे. माझी भाची कोल्हापुरातून एमबीबीएस झाली आणि मुलाखतींचा मोसम संपेपर्यंत आमच्याकडे राहायला आली. इथे येण्याचं दुसरं कारण तिचा होणारा नवरा. तोही कोल्हापूरचाच. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करतो आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळतो. त्याचा मोसमही नेमका याच महिन्यांत. दोघांच्या तारखा एकमेकांत कशा अडकतात, आणि अडकल्या की कोणाची तारीख आधी सरकते, हे जवळून बघायला मिळालं. त्यात त्या दोघांपुरतं नसलेलं बरंच काही आहे, म्हणून लिहिते आहे.

मुलगा कोल्हापूरचा आहे, हे मुद्दाम सांगितलं. महाराष्ट्रात फुटबॉल हा पेठेच्या अब्रूचा प्रश्न असलेलं गाव ते एकच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. शाहू स्टेडियमवर साधी साखळी स्पर्धा असली तरी पेठच्या पेठ दुपारी मैदानावर असते. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. अशा गावच्या मुलाला ‘या वर्षी खेळ जरा बाजूला ठेव’ असं सांगणं सोपं नसतं. भाचीने ते कधी सांगितलंही नाही, कारण तीही त्याच गॅलरीत वडिलांच्या खांद्यावर बसून मोठी झाली.

कॉलेज फुटबॉलचा मोसम ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं, तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच छापून येत असतील. तसं नसतं. त्याचं कॉलेज ज्याच्याशी जोडलेलं आहे ते विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, बेळगावात मुख्यालय असलेलं व्हीटीयू, आपल्या कॉलेजांच्या आधी विभागवार स्पर्धा घेतं, मग विभागांतले विजेते एकमेकांशी खेळतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो दक्षिण विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथून पुढे गेला तर अखिल भारतीय स्पर्धेला. सुरुवातीचे सामने बाद पद्धतीचे. आज जिंकलात तर उद्या किंवा परवा पुन्हा सामना, हरलात तर बॅग भरून घरी. म्हणजे गुरुवारी तुम्ही कुठे असाल हे बुधवारी संध्याकाळी कळतं. शिवाय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. या मुलाचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी खेळू, असं म्हणायची सोय त्याला नाही.

मुलाखतीचं काम वेगळं. सप्टेंबरच्या अखेरीस हॉस्पिटलं अर्ज उघडतात. एखाद्याला तुम्ही आवडलात तर ईमेल येते आणि तीत चार-पाच तारखा असतात, त्यांतली एक तुम्ही निवडायची. चांगल्या तारखा तासाभरातही जातात, म्हणून उमेदवार फोन उशाशी घेऊन झोपतात. पण निवडायची मुभा असते. अडचण आली तर नम्रपणे लिहून तारीख बदलूनही मिळते.

सगळी मेख इथे आहे. सामन्याची तारीख आपल्या विनंतीने हलत नाही, मुलाखतीची हलू शकते. आणि घरात ज्याची तारीख हलू शकते, त्याच्याच तारखा प्रत्येक वेळी हलतात. कोणी तसं ठरवत नाही, भांडण होत नाही, आवाजही चढत नाही. ‘तुझं काय, तुला दुसरी तारीख मिळेल’ या एका वाक्यावर काम होतं. वाक्य खरंही असतं. पण दहा वेळा खरं ठरल्यावर त्याची बेरीज काय होते, ती कोणी मांडत नाही. भाचीने मोसमाच्या सुरुवातीला दोन मुलाखतींच्या तारखा सामन्यांसाठी पुढे ढकलल्या. त्यांतला एक सामना पावसाने झालाच नाही. दुसऱ्या वेळी संघ आदल्या दिवशीच हरून बाहेर पडला होता.

तिची बाजू किती नाजूक आहे, तेही सांगायला हवं. अमेरिकेबाहेर शिकलेल्या आणि अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या डॉक्टरांपैकी 2024 आणि 2025 मध्ये साधारण 58 टक्क्यांना रेसिडेन्सीची जागा मिळाली. उरलेल्यांचं वर्ष गेलं. तेही परीक्षा, प्रमाणपत्रं आणि अर्ज यांवर काही लाख रुपये खर्चून. पहिली परीक्षा, स्टेप वन, 2022 पासून नुसती उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाली. गुणांचा तो आधार गेला आणि मुलाखतीचं वजन वाढलं. बऱ्याच मुलाखतींआधी संध्याकाळी आताच्या रेसिडेंट्सशी अनौपचारिक गप्पा ठेवतात. तिकडची संध्याकाळ सहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार. त्या वेळी उठून, केस विंचरून, हसतमुखाने स्क्रीनसमोर बसायचं. मग दिवस काढायचा आणि संध्याकाळी साडेसहाला खरी मुलाखत.

आपल्या वाचकाला ‘मेडिकलसाठी मुलाखत’ हा प्रकारच परका वाटेल. नीट आल्यापासून एमबीबीएसचा प्रवेश गुण आणि समुपदेशनाच्या फेऱ्यांवर होतो. त्याआधी वेल्लोरचं सीएमसी आणि बेळ्ळंदूरहून जवळच कोरमंगलात असलेलं सेंट जॉन्स उमेदवारांना बोलावून घेत, पारखून घेत. आज हा प्रकार उरलाय तो मुख्यतः पुण्याच्या एएफएमसीत, सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तिथे नीटच्या गुणांवर यादी लागते आणि मग मुलाखत होते, तिला 50 गुण. मुलांनी खेळ खेळावेत की अभ्यास करावा, या घरोघरच्या वादात मी या मुलाखतीचा दाखला नेहमी देते. सैन्यातल्या डॉक्टरांना मैदानावर घाम गाळलेली मुलं हवी असतात.

खेळाडूच्या बाजूने मात्र जग वाकतं, हे मान्य करायला हवं. मायरन रोल हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा बचावपटू. खेळ अमेरिकन फुटबॉल, तिकडच्या कॉलेजांत ज्यापायी शनिवारी गावंच्या गावं ओस पडतात तो. 22 नोव्हेंबर 2008 या एकाच दिवशी त्याची ऱ्होड्स शिष्यवृत्तीची अंतिम मुलाखत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला होती आणि सामना मेरीलँडमध्ये. राष्ट्रीय क्रीडा संघटनेने नियमाला अपवाद केला, खास विमान ठरलं. मुलाखत देऊन, शिष्यवृत्ती मिळवून तो सामना सुरू असताना मैदानावर पोचला आणि खेळला. पुढे तो न्यूरोसर्जन झाला. गोष्ट मला मनापासून आवडते. पण त्याच दिवशी त्याच्या जागी एखाद्या खेळाडूची मैत्रीण मुलाखतीला बसली असती आणि तिला सामना बघायला पोचायचं असतं, तर विमान कोणी पाठवलं असतं?

आपल्याकडचं उदाहरण त्याहून मोठं आहे आणि बेंगळुरूशी जोडलेलं आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल संघ उतरला. 31 जुलैला फ्रान्सविरुद्ध तो 2-1 असा हरला. आपला एकमेव गोल या शहराच्या सारंगपाणी रामनचा. अहमद खान आणि धनराज हेही इथलेच. छावणीच्या मैदानांवर, गोऱ्या पलटणींशी खेळत इथला फुटबॉल वाढला होता. त्या संघाचा कर्णधार होता नागा टेकड्यांतला तालिमेरेन आओ, कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजचा विद्यार्थी. मोहन बागानकडून खेळायचं, वॉर्डात राउंडला उभं राहायचं आणि ऑलिंपिकचं कर्णधारपदही सांभाळायचं, असं त्याचं चाललं होतं. डॉक्टर होऊन आपल्या माणसांची सेवा कर, ही वडिलांची इच्छा होती. वडील लवकर गेले, मुलाने 1950 मध्ये पदवी घेतली, बूट उतरवले आणि पुढे नागालँडच्या आरोग्य खात्याचा संचालक म्हणून तो निवृत्त झाला. दोन्ही वेळापत्रकं एकाच माणसाची असली की तो आतल्या आत निवाडा करतो. दोन माणसांची असली की निवाडा कोणी करायचा, हाच प्रश्न येतो.

मराठी घरांत याचं उत्तर बहुधा एकाच बाजूने दिलं गेलंय. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेते. अंजली तेंडुलकर बालरोगतज्ज्ञ. 1990 मध्ये सचिनशी ओळख झाली तेव्हा त्या वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. 1995 मध्ये लग्न झालं, मुलं झाली आणि त्यांनी डॉक्टरकी थांबवली. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने ते भर मैदानात सांगितलं. तिच्यापुढे वैद्यकीय क्षेत्रात मोठी वाट होती, पण तू खेळत राहा, घराचं मी बघते, असं तिने स्वतःहून ठरवलं, अशा अर्थाचं तो बोलला. घरोघरच्या टीव्हीसमोर डोळे पुसले गेले. तो निर्णय त्यांचा होता आणि त्याचा मी आदरच करते. मला बोलायचं आहे ते आपल्याविषयी. ते भाषण ऐकून आपण त्यागाला टाळ्या वाजवल्या आणि लेकी-सुनांपुढे तोच दाखला ठेवला. शंभर शतकांचा नवरा प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही, त्याग मात्र प्रत्येकीकडून मागितला जातो.

अमेरिकेच्या रेसिडेन्सीच्या व्यवस्थेतही जोडीदाराचा विचार आहे, पण अर्धाच. मुलाखती संपल्यावर उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, हॉस्पिटलं त्यांची देतात आणि संगणक दोन्ही जुळवतो. दोघेही डॉक्टर असतील तर त्यांना आपल्या याद्या जोडून देता येतात, म्हणजे जागा एकाच शहरात पडायची शक्यता वाढते. ही सोय 1980 च्या दशकापासून आहे. जोडीदार इंजिनिअर असेल, शिक्षक असेल किंवा आमच्या पोरासारखा बचावपटू असेल, तर त्या यादीत त्याला जागा नाही. त्याची सोय घरात बसूनच करायची.

आमच्या घरात ती अशी झाली. भाचीने पुढे ढकललेल्या मुलाखतींबद्दल मीच त्याला सांगितलं. तिने सांगितलं नव्हतं. तो गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. आधी तिच्या मुलाखती पेनाने लिहिल्या, मग त्याचे सामने पेन्सिलने, कारण ते रद्द होतात, सरकतात, संघ हरला की संपतात. मुलाखतीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी त्याचा सामना असला तरी ती जाणार नाही, हे त्याने आपल्या हाताने लिहिलं. इतर दिवशी ती सकाळचे सामने बघायला जाईल, दुपारचे नाही. इथून शहराच्या पलीकडच्या मैदानावर जाऊन संध्याकाळी वेळेत इब्बलूर जंक्शन ओलांडून घरी पोचणं, हे आउटर रिंग रोडवर मेट्रोचं काम चालू असताना कोणाच्याच हातात नाही. 2022 च्या सप्टेंबरात याच रस्त्यावर पाणी भरलं तेव्हा माणसं ट्रॅक्टरवरून ऑफिसला गेली होती. इथे अंतर किलोमीटरमध्ये कोणी मोजत नाही.

वहीत आणखी एक गोष्ट त्याने लिहिली, ती मला सुचली नसती. तिच्या मुलाखतीच्या संध्याकाळी तो मोकळा असेल तर आमच्याकडे येऊन बसतो. वायफायच्या राउटरला त्याने छोटा यूपीएस जोडून दिलाय, कारण सोसायटीचा जनरेटर सुरू होईपर्यंतची काही सेकंदं मुलाखत तोडायला पुरेशी असतात. दाराच्या बेलची वायर काढून ठेवतो. डिलिव्हरीवाल्यांना खाली गेटवरच गाठतो. कुकर साडेसहाच्या आत झालेला आहे ना, हे मला फोन करून विचारतो. मुलाखत चालू असताना तो बाल्कनीत बसून आपल्या संघाच्या मागच्या सामन्याचं चित्रण आवाज बंद करून बघतो.

आणि तिच्या बाजूने? जिथे जाणं होत नाही तिथला प्रत्येक सामना ती नंतर त्याच्याकडून ऐकते, आणि ऐकते म्हणजे खोदून विचारते. कॉर्नरला तू कोणाला धरलं होतंस, दुसरा गोल कोणाच्या चुकीने झाला, पंच कसा होता. डिसेंबरात त्याचा घोटा मुरगळला तेव्हा तिने व्हिडिओ कॉलवर पाय वळवायला लावून बघितला, एक्स-रे काढायला लावला आणि दोन सामने बाहेर बसवलं. तो चिडला. तिने ऐकलं नाही. पुढे एका मुलाखतीत तिला विचारलं, एखादा रुग्ण तुमचा सल्ला मानत नसेल तर काय कराल. तिने घोट्याची गोष्ट सांगितली.

याद्या द्यायची मुदत फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला संपते, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी. तोवर त्याचा मोसम आणि एम.टेक.चं प्रोजेक्ट दोन्ही संपत आलेलं असेल. दोन कंपन्यांनी त्याला नोकरी देऊ केलीय, एक इथे बेळ्ळंदूरमध्येच, दुसरीचं ऑफिस अमेरिकेतही आहे पण पगार कमी. गेल्या रविवारी जेवताना तो म्हणाला, ‘‘मावशी, तिची यादी आधी ठरू दे. माझी जॉइनिंगची तारीख हलते, मी विचारून घेतलंय.’’