नुसते पाहण्याची तीस वर्षे

इमारतीचा नकाशा काढणारे हात मोजके असतात आणि तो वाचणारे डोळे पुष्कळ. आर्किटेक्टच्या कार्यालयात एक-दोन जण रेषा ओढतात. पण स्ट्रक्चरल इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, साइटवरचा सुपरवायझर, सुतार, प्लंबर, महापालिकेचा अभियंता आणि घर विकत घेणारा अशा सगळ्यांना तो नकाशा हवा असतो. संगणक येण्याआधी ही गरज अमोनिया प्रिंट भागवत असे. मूळ ट्रेसिंग कार्यालयातच राही आणि तिच्या प्रती साइटवर जात. प्रतीवर कोणी लाल पेन्सिलीने खुणा करी, कोणी पट्टी लावून माप घेई, तर कोणी कोपऱ्यात विटांचा हिशेब मांडी. त्यामुळे ट्रेसिंगला धक्का लागत नसे. मूळ सुरक्षित आणि प्रत मोकळी, अशी ही व्यवस्था होती. ती कोणी सिद्धांत म्हणून मांडली नव्हती, कागदाच्या स्वभावातूनच ती आली होती. गेल्या तीस वर्षांत बांधकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त पाहण्याची सोय’ कशी बदलत गेली, हे तपासताना ही जुनी व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवावी लागते. माझे म्हणणे असे की या सोयीने पाहणाऱ्यांची संख्या अफाट वाढवली, पण कागदाने प्रत वापरणाऱ्याला दिलेला तपासण्याचा आणि टिपण करण्याचा हक्क मात्र हळूहळू काढून घेतला.

ऑटोकॅड 1982 साली बाजारात आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ड्रॉइंग बोर्ड मागे पडले. नकाशा आता डीडब्ल्यूजी फाइलमध्ये राहू लागला आणि ती उघडायला महागडे सॉफ्टवेअर लागे. ज्याला रेषा काढायच्याच नाहीत, त्याने ते का विकत घ्यावे? 1990च्या दशकाच्या मध्यात ऑटोडेस्कने डीडब्ल्यूएफ हे हलके स्वरूप आणले. ब्राउझरला एक छोटी जोड दिली की त्यातले नकाशे पाहता येत. 1993 साली आलेले अडोबीचे पीडीएफही तोवर पसरू लागले होते. पुढे डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू आणि डिझाइन रिव्ह्यू ही साधने फुकट मिळू लागली. हा लाभ खरा होता आणि तो कमी लेखू नये. सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नसलेल्या लहान कॉन्ट्रॅक्टरलाही आर्किटेक्टचा नकाशा जसाच्या तसा दिसू लागला. कंपन्यांचाही त्यात फायदा होता. फाइल जितक्या लोकांना उघडता येईल, तितके तिचे स्वरूप बाजारात घट्ट रुजणार. त्या काळातली साधने वापरणाऱ्याला बरीच मोकळीक देत. ट्रूव्ह्यूमध्ये नकाशा छापता येई, शिवाय नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीत बदलून घेता येई. डिझाइन रिव्ह्यूमध्ये नकाशावर खुणा आणि शेरे लिहून ते परत पाठवता येत. म्हणजे लाल पेन्सील अजून हातात होती.

खरी अडचण नकाशाची जागा मॉडेलने घेतल्यावर सुरू झाली. 2000 साली रेव्हिट आले आणि 2002 साली ऑटोडेस्कने ते विकत घेतले. हंगेरीच्या ग्राफिसॉफ्टचे आर्किकॅड त्याच दिशेने आधीपासूनच चालले होते. या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे नुसत्या दोन समांतर रेषा राहत नाहीत. तिला जाडी, उंची आणि थर असतात, तिच्यात बसलेल्या दाराला आपण कोणत्या भिंतीत आहोत हे ठाऊक असते. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि दारे-खिडक्यांचे तक्ते ही सगळी या एकाच मॉडेलची वेगवेगळी दृश्ये. त्यामुळे मॉडेल वाचायचे म्हणजे त्याला प्रश्न विचारायचे. या जिन्याखाली डोके लागेल का? हा डक्ट कोणत्या बीमखालून जातो? या मजल्यावर एकूण काच किती चौरस मीटर आहे? अशा प्रश्नांची उत्तरे तयार शीटवर नेहमी सापडत नाहीत. त्यासाठी नवा सेक्शन कापावा लागतो, एखादा घटक लपवावा लागतो किंवा तक्ता तयार करावा लागतो.

रेव्हिट बसवले की त्याच्यासोबत ‘रेव्हिट व्ह्यूअर’ येतो. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. संपूर्ण सॉफ्टवेअरच समोर उघडते. भिंत हलवता येते, सेक्शन कापता येतो, तक्ताही करता येतो. फक्त यातले काही जतन करता येत नाही. सेव्ह आणि सेव्ह अॅज दोन्ही बंद असतात. शिवाय फाइलमध्ये कोणताही बदल झाला की छपाई आणि निर्यातही बंद होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नवा सेक्शन कापणे हाही बदलच असतो. म्हणून बीमखाली किती जागा उरते हे पाहायला साइट इंजिनिअरने सेक्शन कापला, तर तो त्याला पडद्यावर दिसतो, पण फोरमनच्या हाती द्यायला छापता येत नाही. व्ह्यूअर बंद केला की ते कामही गेले, उद्या पुन्हा पहिल्यापासून. फाइल जुन्या आवृत्तीतली असेल तर ती उघडताना नव्या आवृत्तीत रूपांतरित होते आणि ते रूपांतरही जतन होत नसल्याने दर वेळी तितकाच वेळ मोडतो. उलट फाइल नव्या आवृत्तीतली आणि व्ह्यूअर जुना असेल, तर ती उघडतच नाही. अमोनिया प्रिंटच्या काळात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर कागदावर टिपून ठेवता येई. इथे उत्तर मिळते, पण ते हातात राहत नाही.

तंत्राला यापेक्षा वेगळे काही शक्य नव्हते, असेही म्हणता येत नाही. नॅव्हिसवर्क्स हे वेगवेगळी मॉडेले एकत्र जोडून पाहण्याचे सॉफ्टवेअर ऑटोडेस्कने 2007 साली घेतले. त्याचा ‘फ्रीडम’ नावाचा फुकट अवतार सशुल्क आवृत्तीतून तयार केलेली फाइलच उघडतो आणि पाइप बीमला कुठे धडकतो हे शोधण्याची चाचणी त्यात चालवता येत नाही. फिनलंडच्या सोलिब्रीनेही पाहणे फुकट ठेवले आणि नियम लावून तपासणे सशुल्क. ग्राफिसॉफ्टच्या बीआयएमएक्सने अख्खी इमारत मोबाइलवर फिरून पाहण्याइतकी सोपी केली, पण मूळ मॉडेलची दुरुस्ती तिथून होत नाही. प्रत्येक कंपनीने मर्यादेची रेघ आपापल्या जागी ओढली. ती कुठे ओढायची, हे ठरवताना व्यापाराचा विचार तंत्राइतकाच मोठा होता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सॉफ्टवेअर बनवायला शेकडो माणसे राबतात, मग त्यांनी फुकट किती द्यावे? हा आक्षेप मला मान्य आहे. रचना करण्याचे साधन विकत घ्यावेच लागेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इमारतीच्या नकाशाची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते. वाटेल त्याने बीमची खोली बदलून फाइल पुढे पाठवली तर अपघात होईल, म्हणून मूळ बंदच हवे. तेही खरे आहे. पण मूळ बंद ठेवण्यासाठी प्रत मुकी करण्याची गरज नसते. सहीची ट्रेसिंग कपाटात ठेवून प्रती मोकळ्या सोडणाऱ्यांना हे कळत होते आणि आज डिजिटल सहीने मूळ कोणते व प्रत कोणती हे कितीतरी पक्के दाखवता येते. सेक्शन छापल्याने किंवा माप जतन केल्याने कोणाचा बीम बदलत नाही.

2016 साली ऑटोडेस्कने नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले, तेव्हा या प्रश्नाला वेगळीच धार आली. तोवर ‘फक्त पाहणारा’ म्हणजे दुसऱ्याची फाइल पाहणारा होता. वर्गणीच्या व्यवस्थेत मॉडेल स्वतः उभे करणारा आर्किटेक्टही, वर्गणी थकली की, आपल्याच कामाचा नुसता प्रेक्षक होतो. चार महिन्यांपूर्वी स्वतः काढलेली खिडकी त्याला दिसते, पण सरकवता येत नाही. जुलै 2020मध्ये ब्रिटनमधल्या अनेक नामवंत वास्तुरचना संस्थांनी ऑटोडेस्कला खुले पत्र लिहून रेव्हिटचा वाढता खर्च आणि मंद प्रगती यांबद्दल नाराजी नोंदवली. खर्चाची तक्रार मला समजते, पण त्याहून खोल प्रश्न मला मालकीचा वाटतो. इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहते आणि तिची फाइल वर्षावर्षाच्या वर्गणीवर तगते.

यावर जाणकार आयएफसीकडे बोट दाखवतील. कोणत्याही एका कंपनीचे नसलेले हे खुले स्वरूप 1990च्या दशकापासून वाढत आले आणि 2013 साली त्याला आयएसओचे मानांकन मिळाले. ते उघडणारी फुकट साधने आहेत आणि आयएफसीओपनशेलसारखी मुक्त स्रोतातली साधने तर मॉडेलमधली माहिती काढू आणि बदलूही देतात. 2009 साली टेक्ला आणि सोलिब्रीने सुरू केलेल्या बीसीएफमुळे अख्खे मॉडेल न पाठवता ‘या कोपऱ्यात अमुक चूक आहे’ एवढा शेरा कॅमेऱ्याच्या कोनासकट पाठवता येतो. लाल पेन्सिलीचा सगळ्यात प्रामाणिक वारस मला हाच वाटतो. तरीही आयएफसी हे पूर्ण उत्तर नाही. रेव्हिटमधले दार भिंतीसोबत सरकते, आयएफसीमध्ये गेल्यावर ती हुशारी बरीचशी गळते. आणि नीट आयएफसी काढायची तर आधी मॉडेलमध्ये दुरुस्त्या कराव्या लागतात. बदल केलेल्या फाइलची निर्यात व्ह्यूअरमधून होत नाही, म्हणून ही सुटकेची वाट परवाना चालू असतानाच चालून ठेवावी लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्न गृहनिर्माण संस्थांच्या दारात येऊन थांबतो. रेरा कायद्याच्या सतराव्या कलमानुसार विकासकाने आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवायचे असतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. ऑडिट करणाऱ्याला चित्र पुरत नाही. कॉलमचे माप, स्लॅबची जाडी, गच्चीखालून गेलेल्या पाइपची जागा हे सगळे त्याला मोजून हवे असते. कोणी म्हणेल, एवढ्याशा सोसायटीला मॉडेल कशाला, पीडीएफ पुरे. आज बहुतेक ठिकाणी पीडीएफही मिळाली तर नशीब, हे खरे आहे. पण आज बांधल्या जाणाऱ्या मोठ्या इमारतींपैकी ज्यांचे मॉडेल आधीच तयार आहे, तिथे जादा खर्च फारसा येत नाही. करारात एक कलम घालावे लागेल: भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी, विकासकाचा परवाना चालू असताना, प्रत्यक्ष बांधले तसे आयएफसी मॉडेल, मजलेवार मोजमापासह पीडीएफ संच आणि मूळ फाइल ज्या आवृत्तीत आहे तिचे नाव, एवढे संस्थेच्या ताब्यात द्यावे आणि ते एखाद्या खुल्या साधनात उघडून, दोन-चार मापे घेऊन, मगच पोचपावतीवर सही करावी.