डेटा सांडतो कुठे?

बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर फाइल कॉपी होते, पडद्यावरची हिरवी पट्टी भरते आणि खिडकी मिटते. त्या क्षणी फाइल डिस्कच्या तबकडीवर उतरलेली असतेच असे नाही. बऱ्याचदा तिचा काही भाग संगणकाच्या रॅममध्ये, म्हणजे राइट कॅशमध्ये, आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. विंडोजमधला ‘लेझी रायटर’ दर सेकंदाला जागा होतो आणि साठलेल्या पानांपैकी, म्हणजे रॅममधल्या डेटाच्या तुकड्यांपैकी, साधारण आठवा हिस्सा डिस्ककडे धाडतो. लिनक्समध्ये हा डेटा मूळ मांडणीनुसार सुमारे 30 सेकंद रॅममध्ये राहू शकतो. सोय म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे, कारण डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ असते आणि तिच्यासाठी प्रत्येक वेळी खोळंबून राहणे परवडणारे नसते. गडबड होते ती या मधल्या अवधीत जोडणी तुटली तर. तेव्हा विंडोज ‘डिलेड राइट फेल्ड’ अशी सूचना देते: अमुक फाइलचा सगळा डेटा साठवता आला नाही, डेटा गेला आहे, हार्डवेअर किंवा नेटवर्क जोडणीतल्या बिघाडामुळे असे झाले असावे.

सूचना खरी असते, पण उशिरा येते. ज्या प्रोग्रॅमने फाइल लिहायला दिली, त्याला ‘झाले’ असे उत्तर केव्हाच मिळालेले असते. त्यामुळे कॉपी करण्यापेक्षा ‘कट’ करून ‘पेस्ट’ करणे जास्त धोक्याचे ठरते. दोन वेगळ्या डिस्कमध्ये फाइल हलवताना संगणक आधी प्रत काढतो आणि मग मूळ फाइल पुसतो. प्रत कॅशमध्येच अडकून वाया गेली आणि मूळ फाइल पुसली गेली, तर दोन्हीकडून हात रिकामे राहतात.

डेटा रॅममध्ये रेंगाळण्याचा हा अवधी कमी करण्यासाठी विंडोजमध्ये प्रत्येक बाहेरच्या डिस्कसाठी दोन धोरणे असतात. ‘बेटर परफॉर्मन्स’मध्ये कॅश सढळ हाताने वापरली जाते, मात्र डिस्क काढण्यापूर्वी ‘सेफली रिमूव्ह’ करावेच लागते. ‘क्विक रिमूव्हल’मध्ये डेटा रॅममध्ये न रेंगाळता पुढे पाठवला जातो. विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, मायक्रोसॉफ्टने दुसरे धोरण मूळ निवड म्हणून ठेवले. म्हणून डिस्क केव्हाही उपटावी असा अर्थ काढणे मात्र चुकीचे आहे. डिस्कच्या स्वतःच्या सर्किटवरही काही एमबींची कॅश असते, आणि लिहिण्याचे काम चालू असताना काढलेल्या डिस्कला कोणतेही धोरण वाचवत नाही. लिनक्सवर ‘सिंक’ हा आदेश देऊन किंवा डिस्क अनमाउंट करून कॅशमधला डेटा डिस्ककडे धाडता येतो, मॅकवर ‘इजेक्ट’ करून.

डेटाचा प्रवास रॅमपासून सुरू होतो. तिथून तो संगणकातल्या यूएसबी कंट्रोलरकडे, मग केबलमधून डिस्कच्या डबीकडे जातो. डबीत एक छोटी ब्रिज चिप असते. ती यूएसबीची भाषा डिस्कच्या साटा भाषेत बदलून देते. त्यापुढे डिस्कचे सर्किट, तिची कॅश आणि अखेर तबकडी. यातल्या कुठल्याही टप्प्यावरचा दोष पडद्यावर जवळजवळ एकाच शब्दांत दिसतो. शोध बाहेरून आत घ्यावा हे बरे, कारण बाहेरचे भाग स्वस्त असतात, चटकन बदलता येतात, आणि अनेकदा दोषीही तेच निघतात. शोध लागेपर्यंत डिस्कवर नवे काहीही लिहू नये.

पहिला संशय विजेच्या पुरवठ्यावर घ्यावा. यूएसबी 2.0 चा पोर्ट प्रमाणानुसार 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3.0 चा 900. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क नुसती फिरत असताना यात भागवते, पण थांबलेली तबकडी फिरवायला घेताना तिला क्षणभर सुमारे 1 अँपिअर लागतो. बरेच पोर्ट प्रमाणापेक्षा जास्त प्रवाह देतात, म्हणून एरवी सगळे सुरळीत चालते. लॅपटॉपचा पोर्ट कंजूष असला, त्याच हबवर कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह लटकलेले असले किंवा केबल लांब आणि बारीक असली की हिशेब बिघडतो. केबलचा एकूण रोध अर्धा ओहम धरला तर 1 अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो आणि डिस्कला साडेचारच मिळतात. मग मोटर वेग पकडत नाही, हेड मागे घेतले जाते आणि ‘टक्’ असा आवाज करून डिस्क पुन्हा सुरू होते. संगणकाच्या लेखी ती उपटली गेली आणि परत जोडली गेली. पूर्वी अशा डिस्कसोबत दोन प्लग असलेली वाय आकाराची केबल मिळे, ती याच कारणासाठी. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टही लागतात, म्हणून तिच्याबरोबर स्वतंत्र अडॅप्टर येतो. जुना झालेला अडॅप्टर बिनभाराने मोजला तर 12 व्होल्ट दाखवतो आणि प्रत्यक्ष भार पडला की ढेपाळतो. नुसत्या मल्टिमीटरवर भिस्त ठेवून त्याला निर्दोष ठरवू नये.

वीजबचतीची योजनाही कधी नडते. विंडोजमधली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय रिकाम्या बसलेल्या उपकरणाला झोपवते. काही डब्या या झोपेतून नीट जाग्या होत नाहीत. डिस्क नेहमी कामातून थोडी उसंत मिळाल्यावरच गायब होत असेल, तर पॉवर प्लॅनमध्ये जाऊन हा पर्याय बंद करून पाहावा.

केबलबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ती बदलून पाहावी, एवढेच. यूएसबी 3.0 च्या डिस्कवर असणारी रुंद, दोन भागांची मायक्रो-बी खाच बाजूच्या ताणाने लवकर सैल होते, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या संपर्कपट्ट्यांवर गंजही चढतो. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा, मदरबोर्डवरचाच पोर्ट वापरावा. पुढच्या पोर्टपर्यंत आतून आणखी एक केबल गेलेली असते आणि तीही तपासाच्या कक्षेत येते.

या अदलाबदलीतून उलगडा झाला नाही तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. सामान्य वापरकर्ता तिकडे सहसा फिरकत नाही, पण पडद्यावर आलेल्या गोलमोल वाक्यामागचा तपशील तिथे असतो. ‘सिस्टिम’ या नोंदवहीत 50 क्रमांकाची नोंद म्हणजे तोच डिलेड राइट. तिच्या मागेपुढे काय आहे ते पाहायचे. 157 ही नोंद डिस्क अचानक निघाल्याचे सांगते. तेव्हा संशयाचा रोख वीज किंवा केबलकडे वळतो. 11 म्हणजे कंट्रोलरने कळवलेली चूक. 129 म्हणजे उत्तर न आल्यामुळे उपकरण रिसेट करावे लागले, 153 म्हणजे तीच मागणी पुन्हा करावी लागली. 7 क्रमांकाची नोंद सगळ्यांत वाईट, कारण ती खराब ब्लॉकची, म्हणजे दोष आत तबकडीवर असल्याची असते. लिनक्सवर ‘डीमेसेज’ हा आदेश असाच वृत्तांत देतो.

ब्रिज चिपकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण डेटानाशाच्या इतिहासातले काही नमुनेदार किस्से तिच्याच नावावर आहेत. ऑक्टोबर 2003 मध्ये ॲपलची पँथर ही कार्यप्रणाली आली आणि पाठोपाठ फायरवायर 800 या जोडणीच्या बाहेरच्या डिस्क कोऱ्या झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. ऑक्सफर्ड 922 या ब्रिज चिपच्या 1.02 फर्मवेअरमध्ये दोष असल्याचे ॲपलने जाहीर केले. डिस्क ठणठणीत होत्या. बिघाड मधल्या चिपचा होता.

दुसरा किस्सा अंकगणिताचा आहे. जुनी साटा-पूर्व पद्धत सेक्टरचा पत्ता 28 बिटांत लिहीत असे. 512 बाइटचा एक सेक्टर धरला तर त्यात जेमतेम 137 जीबी बसतात. अशा जुन्या डबीत 160 जीबीची डिस्क घातली आणि फर्मवेअरने वरचे बिट निमूटपणे गाळले, तर 137 जीबीच्या पुढे लिहायचा डेटा डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे नेमका विभागणीच्या आणि फाइलींच्या तक्त्यावर जाऊन आदळतो. डिस्क 137 जीबी भरेपर्यंत सारे आलबेल आणि मग एके दिवशी सगळे नाहीसे, असा हा प्रकार. 32 बिटांच्या पत्त्यांनी हीच अडचण 2.2 टीबीवर पुन्हा आणली. त्यातून सुटण्यासाठी काही डब्या 512 बाइटच्या सेक्टरांना 4096 बाइटचे भासवू लागल्या. अशी डिस्क डबीतून काढून थेट संगणकाला जोडली की विंडोज तिला ‘रॉ’ ठरवते आणि फॉरमॅट करायला सुचवते, जरी आतला डेटा धडधाकट असला तरी. काही मॉडेलांत तर डबीतले सर्किट सगळा डेटा परस्पर एन्क्रिप्ट करते. तिथे डबी बदलणे म्हणजे किल्ली फेकून देणे.

सगळ्यात आतली पातळी डिस्कची. मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. सेक्टर धड वाचता आला नाही की डिस्क तो पुढच्या फेरीत पुन्हा वाचते, मग पुन्हा. अशा शेकडो फेऱ्या झाल्या की संगणक गोठल्यासारखा वाटतो. वाचता न आलेले सेक्टर ‘प्रलंबित’ म्हणून नोंदले जातात आणि पुढे लिहिण्याची वेळ आल्यावर गरजेप्रमाणे राखीव जागेत हलवले जातात. ‘स्मार्ट’ या स्वयंतपासणीत हलवलेल्यांचा आकडा 5 या क्रमांकाखाली, प्रलंबितांचा 197 खाली दिसतो. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स यांनी तो वाचता येतो, मात्र ब्रिज चिपने ती चौकशी आत जाऊ दिली पाहिजे. 199 क्रमांकाचा आकडा डेटा वाहताना झालेल्या चुकांचा असतो. तो वाढला की यूएसबी केबल बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण हा आकडा डबीच्या आतल्या, ब्रिज ते डिस्क या जोडणीचा आहे. बाहेरच्या केबलचा त्याच्याशी संबंध नाही.

स्मार्टवर किती विसंबावे याचे उत्तर गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मिळते. त्यांनी एक लाखाहून अधिक डिस्क पाहिल्या. पहिली स्कॅन चूक, म्हणजे डिस्कला आपला पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक, आढळल्यानंतरच्या 60 दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. त्याच पाहणीत, निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार मुख्य निर्देशांकांपैकी एकही चढलेला नव्हता. आकडा चढला तर डिस्क भरवशाची नाही हे पक्के. न चढल्याने काहीच पक्के होत नाही.

सगळा विलंब बिघाडाचाच असतो असेही नाही. जास्त क्षमतेच्या अनेक अडीच इंची डिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. खालची पट्टी बदलायची तर वरच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम आधी एका राखीव भागात साठवते आणि सवडीने उरकते. मोठी फाइल कॉपी होताना तो भाग भरला की वेग एकदम सेकंदाला काही एमबींवर घसरतो, दिवा लुकलुकत राहतो, आणि वैतागलेला माणूस केबल उपटतो. चांगल्या डिस्कवरचा डेटा अशा वेळी निव्वळ अधीरतेपायी जातो.

लिहिणे अर्ध्यावर तुटल्यावर काय उरते, हे फाइल सिस्टिमवर अवलंबून असते. एनटीएफएस आपल्या तक्त्यांतल्या बदलांचा रोजनामचा ठेवते, त्यामुळे फाइलींची रचना बहुतेक वेळा सावरते. फाइलीतल्या मजकुराची हमी मात्र ती देत नाही. नाव आणि आकार बरोबर, आत नुसती शून्ये, असे चित्र त्यातूनच दिसते. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये रोजनामचा नाही. तिला बसलेला एक अवेळी धक्का अख्खी डिस्क ‘फॉरमॅट करा’ अशा सूचनेपर्यंत नेऊ शकतो.

इथे सर्वाधिक नुकसान घाईच्या दुरुस्तीने होते. विंडोज स्वतःहून चेक डिस्क सुचवते, ओळखीचे लोकही तेच सांगतात. तो प्रोग्रॅम फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी आहे, फाइली वाचवण्यासाठी नाही. न जुळणाऱ्या नोंदी तो कापून टाकतो, आणि ‘आर’ पर्यायासह चालवला तर मरणासन्न डिस्कला प्रत्येक सेक्टर वाचायला लावतो. त्याआधी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हे काम शहाणपणाने करतो: सहज वाचता येणारे भाग आधी उचलतो, अडलेल्या भागांची नोंद नकाशात ठेवतो, त्यांच्याकडे शेवटी वळतो, आणि मध्येच थांबवला तर तिथूनच पुढे चालू होतो. पुढचे सारे प्रयोग या प्रतिमेवर करायचे. हरवलेले विभाग टेस्टडिस्क शोधतो. तक्ताच नष्ट झाला असेल तर फोटोरेक फाइलींच्या खुणा हुडकतो. जेपीईजी छायाचित्र नेहमी एफएफ, डी8, एफएफ या बाइटांनी सुरू होते, त्यावरून ते सापडते. अशी छायाचित्रे परत मिळतात, पण त्यांची नावे आणि फोल्डर गेलेले असतात. बाहेरची डिस्क एसएसडी असेल तर पुसलेली जागा ‘ट्रिम’ आदेशाने खरोखरच रिकामी झालेली असू शकते, तिथे हा उपाय चालत नाही.

पुरेसा वीजपुरवठा देऊनही डिस्क लयीत टक् टक् करत असेल, घासल्यासारखा आवाज येत असेल किंवा ती पडून बंद पडली असेल, तर ती पुन्हा सुरू करू नये. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. ते वाकले असेल तर प्रत्येक फेरीत चुंबकीय थर खरवडला जातो. ही डिस्क उघडायची ती धूळमुक्त कक्षातच. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्ला दमट हवेत तर घातकच, कारण बाहेर काढताच थंड तबकडीवर बाष्प जमते.

डेटा सुखरूप निघाल्यावर डिस्क परत वापरावी का, हा प्रश्न उरतो. नवी केबल आणि खात्रीचा पोर्ट घेऊन ती एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवरच्या बॅडब्लॉक्सने काठोकाठ भरावी आणि लिहिलेले परत वाचून ताडावे. चाचणीच्या आधी व नंतर 5 आणि 197 चे आकडे टिपून ठेवावेत. लिहिलेले अचूक वाचले गेले आणि आकडे जागचे हलले नाहीत, तर दोष बहुधा केबलचा, पोर्टचा किंवा वीजपुरवठ्याचा होता असे मानून डिस्क कामाला लावता येते. आकडे चढले तर ती बाद करावी. आकडे स्थिर राहूनही वाचलेले जुळले नाही, तर डबी बदलून हीच चाचणी पुन्हा घ्यावी.