वाढदिवस घरच्या घरी

मुलांचे वाढदिवस साजरे करावेत की नाहीत, हा वाद आता संपल्यातच जमा आहे. आमच्या लहानपणी नवा फ्रॉक आणि वाटीभर खीर एवढ्यावर तो दिवस पार पडे, तोही आईच्या लक्षात राहिला तर! आज आपल्या सावंतवाडीसारख्या लहान शहरातही मुलाचा पहिला वाढदिवस म्हणजे जवळजवळ लग्नकार्यच झाले आहे. हॉल, फुग्यांची कमान, बाळाच्या फोटोचा फलक, जेवणावळ. हौसेला मोल नसते म्हणतात. परंतु बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या आम्हा लोकांना ते मोल दिसते. मुदतीपूर्वी आवर्ती ठेव मोडायला आलेला बाप ‘मुलीचा वाढदिवस आहे’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि घाई जास्त असते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कमी मिळते, हे सांगणे माझे काम, तेवढे मी सांगते. त्यापुढे बोलण्याचा मला अधिकार नाही, म्हणून ते येथे लिहीत आहे.

अर्थात मी स्वतः काही या बाबतीत साव नव्हे. माझ्या मुलीचा सातवा वाढदिवस आम्हीही हॉल घेऊन केला होता. तिची आळीतलीच एक मैत्रीण त्या दिवशी आली नाही. ताप आला होता म्हणे. दुसऱ्या दिवशी ती अंगणात लगोरी खेळताना दिसली. पुढे तिची आई वाटेत भेटली तेव्हा मी सहज विचारले, तर ती म्हणाली, “पोरां सगळी मोठे मोठे खोके घेवन जायत होती. माझ्या चेडवाच्या हातात मी काय देव?” आम्ही सर्वांना बोलावले होते; पण त्या बोलावण्यातच एक अट होती आणि ती आम्हाला दिसली नव्हती.

आठवा वाढदिवस घरी करायचे ठरले ते यामुळे. पैसे वाचले हे खरे, पण तो नंतरचा हिशेब.

‘कृपया भेटवस्तू आणू नयेत’ ही ओळ लग्नपत्रिकेतही असते आणि ती कोणी पाळत नाही. म्हणून आम्ही नुसते ‘आणू नये’ न म्हणता, काय आणावे तेच कळवले. प्रत्येक मुलाने येताना माडाच्या झावळीच्या चार पाती किंवा ओंजळभर फुले आणावीत, आणि सहाच्या खाण्याला नव्हे, तर तीन वाजता कामाला यावे. निमंत्रणे मुलीनेच केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर पेला पालथा घालून गोल कापले आणि गंजिफासारखे रंगवले. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी खेळात दहा संचांचे बारा-बारा मिळून १२० होतात. ही कला मागे पडत असताना १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली, हे मुलांना त्या निमित्ताने सांगता आले.

आता सजावटीविषयी. पताकांसाठी पतंगाचा कागद, सुतळी आणि खळ एवढेच लागते. खळीसाठी एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. कीड लागू नये म्हणून जुनी माणसे खळीत मोरचूद घालीत. मुलांच्या कामात ते कदापि घालू नये, ते विष आहे. कागदाची घडी घालून एकदम सहा-आठ त्रिकोण कापावेत. कात्री मोठ्यांच्या हाती, खळ मुलांच्या हाती. पताका वाकड्यातिकड्या लागतात, लागू द्याव्यात.

झावळीचे काम मात्र माझ्या सासूबाईंनी शिकवले, आणि त्यात दोन तास कसे गेले कळले नाही. पात हिरापासून सोडवून तिरकी गुंडाळत गेले की पिपाणी होते. सुटू नये म्हणून शेवटी हिराचा तुकडा टोचायचा. दोन पाती एकमेकींत अडकवून हिरावर बसवल्या की भिरभिरे. मनगटावरचे घड्याळ, चेंडू, साप हे त्याच्या पुढचे धडे. मागच्या वर्षी तापाने न आलेली ती मुलगी यात सर्वांत तरबेज निघाली. ती वाडीवर आजीकडे वाढलेली. तिच्याभोवती मुले रांग लावून उभी होती.

थर्माकोलचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात मार्च २०१८च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२पासून सजावटीचा थर्माकोल व फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या देशभर बंद झाल्या. फेस उडवणाऱ्या डब्यांवर तेवढे कोणाचे लक्ष नसते. त्यात दाबाखाली भरलेला वायू बहुधा पेट घेणारा असतो, आणि आपण तो जळत्या मेणबत्तीसमोर मुलाच्या तोंडावर उडवतो! फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच उचलावेत. लहान मूल ते तोंडात घालते आणि ते श्वासनलिकेत अडकतात.

खाण्याचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “केक कित्याक व्हयो गो? मांडवार तवशी लोंबतत मां!” सप्टेंबरचे दिवस, म्हणून तवसोळी ठरली. ही आपली कोकणातली काकडीची केकच म्हणा. मोठे तवसे सोलून, बिया काढून किसावे. आधी टोक चाखून पाहावे, कडू निघाले तर सगळे फुकट. कीस पिळू नये, त्या पाण्यातच रवा शिजतो. दोन वाट्या कीस आणि पाऊण वाटी गूळ उकळला की तुपावर भाजलेला एक वाटी तांदळाचा रवा, अर्धी वाटी ओले खोबरे, वेलची व चिमूटभर मीठ घालून वाफ काढावी. मग तूप लावलेल्या जाड पातेल्यात थापून, खाली तवा ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजावे. पूर्वी झाकणावर निखारे ठेवीत, त्याने वरूनही खरपूस होई. पूर्ण निवल्याशिवाय कापू नये, नाहीतर तिचा शिरा होतो. एप्रिल-मेमध्ये वाढदिवस असेल तर बरक्या फणसाची सांदणे करावीत, एरवी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. सोबत जत्रेतला खाजा आणि कोकम सरबत.

तवसोळीवर मेणबत्ती लावली, कारण मुलीचा हट्ट होता. गाणेही तेच नेहमीचे म्हटले. त्याची चाल १८९३ साली अमेरिकेत हिल भगिनींनी बालवर्गातल्या मुलांना सकाळी म्हणण्यासाठी प्रसिद्ध केलेल्या गाण्याची. पुढे वाढदिवसाच्या शब्दांवर एका कंपनीने हक्क सांगून वर्षानुवर्षे पैसे वसूल केले आणि २०१५ साली तिथल्या न्यायालयाने तो दावा फेटाळला. फुकटच्या वस्तूलाही बिल लावणारे सगळीकडेच असतात. असो.

जाताना मुलांना वेगळे काही द्यावे लागले नाही. जो तो आपापले भिरभिरे घेऊन गेला. पताका उतरवून आम्ही ट्रंकेत ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात त्या तीन घरे पलीकडे लागणार आहेत, आणि झावळ्या आणायचे काम माझ्या मुलीकडे आले आहे.