आधी यंत्राचे डोळे पुसू या

आज ज्या यंत्राबद्दल बोलायचंय, ते आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात नाही. पण आपल्या गटांतल्या कितीतरी जणी सकाळच्या एसटीनं शहरात घरकामाला जातात, आणि तिथल्या काही घरांत ते आलंय. परातीएवढं, गोल, आपलं आपण फिरून केर ओढून घेणारं. त्याला रोबो व्हॅक्यूम म्हणतात.

हा विषय आम्ही का घेतला, ते सांगतो. आमच्या गटातली एक ताई अशाच एका घरी कामाला आहे. दिवाळीनंतर तिथलं यंत्र दिवाणखान्यात मध्येच थांबायला लागलं. थांबायचं, मागं यायचं, पुन्हा थांबायचं. घरच्या बाई म्हणाल्या, "तुझं ओलं फडकं लागलं असणार." दोन दिवसांचे पैसे कापले. आठवड्यानं दुरुस्तीवाला आला, त्यानं पाहिलं आणि सांगितलं, यंत्र धडधाकट आहे. दिवाळीला नवा काळा गालिचा अंथरला होता, त्याला ते घाबरत होतं! पैसे परत मिळाले. पण "तूच बिघडवलंस" हा शब्द काही कुणी परत घेतला नाही.

आता यंत्र गालिचाला कसं घाबरेल? त्यासाठी त्याचे डोळे समजून घेऊ. या डोळ्यांना सेन्सर म्हणतात. यंत्राच्या पोटाशी, कडेकडेनं काळसर काचेच्या छोट्या खिडक्या असतात. त्यांतून ते जमिनीवर उजेड टाकतं. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसलाच हा उजेड, आपल्याला न दिसणारा. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसा हा उजेड फरशीवरून परत येतो. परत आला, म्हणजे खाली जमीन आहे. नाही आला, म्हणजे पुढं पायरी आहे, पडायचा धोका आहे. मग यंत्र थांबतं.

काळं कापड उन्हात जास्त तापतं, कारण ते उजेड पिऊन टाकतं. काळ्या गालिचावर तेच होतं. उजेड परत येत नाही आणि यंत्राला वाटतं, पुढं खड्डा आहे. खिडकीवर धूळ, रांगोळी किंवा पीठ बसलं तरी अशीच फसगत होते. खिडकीतून येणारं कडक ऊन थेट पडलं तरी काही यंत्रं गोंधळतात. ज्यांच्या डोक्यावर फिरता डोळा असतो, त्यांना आरसा आणि मोठी काच चकवते.

म्हणून यंत्र अडलं की घाबरायचं नाही. घरच्या बाईंना सांगायचं, आणि त्यांच्यासमोर एकेक गोष्ट पाहायची.

पहिलं, यंत्र काय बोलतं ते ऐका. कुठला दिवा लागला, कुठला आकडा दिसला, कुठल्या खोलीत, कुठल्या जागी थांबलं, हे लक्षात ठेवा. मोबाइलवर फोटो काढता आला तर उत्तम.

दुसरं, बटण बंद करा, मगच यंत्र उलटं करा. पोटाजवळच्या खिडक्या मऊ, कोरड्या, स्वच्छ फडक्यानं हलकेच पुसा. पाणी नको, फिनेल नको, घासणी तर नकोच. काचेवर ओरखडा पडला की डोळा कायमचा अधू होतो.

तिसरं, पुढचा पट्टा दाबून पाहा. यंत्र कशाला धडकलं, हे त्याला या पट्ट्यामुळं कळतं. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तो आत जाऊन लगेच बाहेर यायला हवा. फटीत तांदळाचा दाणा किंवा खडा अडकला, तर यंत्राला वाटतं आपण भिंतीलाच टेकलोय. मग ते नुसतं मागं येतं, नाहीतर जागच्या जागी गरगरतं.

चौथं, चाकं आणि ब्रश बघा. आपले लांब केस आणि साडीचे दोरे तिथं गुंडाळून बसतात. ते हातानं काढा.

पाचवं, यंत्र दुसऱ्या खोलीत, उजळ फरशीवर सोडा. तिथं नीट चाललं तर दोष पहिल्या जागेचा. तिथंही अडलं, तर दुरुस्तीवाल्याला बोलवायला सांगा. तोवर स्क्रू खोलू नका. बॅटरी फुगलेली किंवा फार तापलेली वाटली, तर यंत्राला हातच लावू नका.

काही जण काळ्या गालिचावर चालावं म्हणून खिडक्यांवर चिकटपट्टी लावतात. ते करू नका, कुणी सांगितलं तरी. मग त्याला पायरीही कळत नाही आणि जिन्यावरून ते खाली कोसळतं. आणि तेव्हा आळ कुणावर येईल, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यापेक्षा यंत्र सोडण्याआधी दोन मिनिटं काढा. वायरी, पायपुसण्याची सुटी टोकं, सांडलेलं पाणी आवरून घ्या. ओल्यावरून ते बहुतेक यंत्रांना चालत नाही.

आमची ताई आता त्याच घरी काम करते. परवा यंत्र पुन्हा अडलं. तिनं घरच्या बाईंना हाक मारली, त्यांच्यासमोर ते बंद करून उलटं केलं, खिडक्या पुसल्या. फडक्यावर रांगोळी आली. यंत्र चालू झालं. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, बिघडलं नव्हतं. त्याला दिसत नव्हतं."

यंत्र कुणाचंही असो मैत्रिणींनो, ते कसं चालतं हे आपल्याला ठाऊक असलं की आपल्याला बोलता येतं. तुमच्या कामाच्या ठिकाणी असं कुठलं यंत्र अडत असेल, तर गटाच्या बैठकीत सांगा. पुढच्या वेळी त्याबद्दल बोलू.