चोखोबाची पायरी आणि आपण

ज्येष्ठ सरत आला की देहू-आळंदीहून पालख्या निघतात. टाळमृदंगाचा आवाज आपल्याही वस्तीपर्यंत येतो. अशा वेळी घरातले एखादे लेकरू हमखास विचारते, "आजी, आपण का गं पंढरपूरला जात नाही?" आजी कधी हसून टाळते, कधी म्हणते, "आपले बाबा सांगून गेलेत." एवढ्या उत्तराने मुलांचे समाधान होत नाही. म्हणून हा पंथ काय आहे, त्याचा आपल्याशी संबंध कोणता आला, हे घरातल्या मोठ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

वारकरी पंथ एका दिवसात कोणी स्थापन केलेला नाही. भीमेच्या काठी पंढरपुरात विठ्ठलाची भक्ती तेराव्या शतकात चांगली रुजली होती. मंदिरातल्या 'चौऱ्यांशीच्या शिलालेखा'त शके ११९५ पासून, म्हणजे १२७३ पासून, देवळाला देणगी देणाऱ्यांची नोंद आहे. या भक्तीला तत्त्वज्ञानाचा पाया मिळाला तो ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवासे येथे सांगितलेल्या ज्ञानेश्वरीने. शिंपी कुळातल्या नामदेवांनी कीर्तनाच्या बळावर ती लोकांत नेली. पुढे सोळाव्या शतकात पैठणचे एकनाथ आणि सतराव्या शतकात देहूचे तुकाराम यांनी तिचा विस्तार केला.

पंथाचे नियम साधे आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, मांस-मद्य वर्ज्य, आषाढी-कार्तिकीची वारी आणि मुखी नाम. यज्ञ नको, संस्कृत नको, मोठी दक्षिणा नको. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. म्हणूनच गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, दासी जनाबाई, मंगळवेढ्याची कान्होपात्रा या सगळ्यांना तेथे स्वतःचा आवाज सापडला. ज्या काळी शूद्राला आणि स्त्रीला वेदाचा अधिकार नव्हता, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

आता त्याच मेळ्यातल्या एका महार कुटुंबाकडे पाहू. चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. एकाच घरातल्या पाच जणांनी अभंग रचले. सातशे वर्षांपूर्वी गावकुसाबाहेरच्या झोपडीत शब्दांची एवढी श्रीमंती होती, ही गोष्ट आपल्या मुलामुलींना अभिमानाने सांगावी अशीच आहे.

या घरात सारे एकाच सुरात बोलत नव्हते, हेही लक्षात घ्या. चोखोबा देवाला आळवतात, दारातून हाकलल्याचे दुःख सांगतात. पण काही अभंगांत आपला हीन जन्म हे पूर्वीच्या कर्माचे फळ आहे, असेही मानतात. सोयराबाई विटाळावरच बोट ठेवतात. प्रत्येक देह विटाळातूनच जन्माला येतो, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ज्या बाईला जातीचा आणि बाईपणाचा असा दुहेरी विटाळ चिकटवला होता, तिनेच तो प्रश्न उलटा फिरवला. मुलगा कर्ममेळा तर त्याहून पुढे जातो. या जातीत घालून तू आम्हाला सुख कोणते दिलेस, असा रोकडा जाब तो देवालाच विचारतो.

जाब विचारला, पण दार काही उघडले नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. एवढा मोठा संत, पण मरण आले ते राबताना. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. पुढे कित्येक शतके आपल्या पूर्वजांची वारी त्या समाधीपाशीच संपत असे. आत देव आणि बाहेर चोखोबा, ही व्यवस्था कायम राहिली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे त्या वर्षी मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. म्हणजे चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी!

बाबासाहेबांचे या परंपरेशी नाते वरवरचे नव्हते. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात अभंग-दोह्यांचे पाठांतर होई. १९२० मध्ये निघालेल्या 'मूकनायका'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. एवढा आदर असूनही महात्मा गांधींना उत्तर देताना त्यांनी स्पष्ट लिहिले, की संतांनी जातिभेदाविरुद्ध मोहीम काढली नाही. देवापुढे सारे भक्त सारखे, असे त्यांनी सांगितले. माणसापुढे माणूस सारखा, यासाठी ते झगडले नाहीत. शिवाय संताचे उदाहरण देऊन समाजाला सांगता येते, की तुम्हीही असेच पुण्यवान व्हा, मग मान मिळेल. माणूस म्हणून मान मिळायला आधी संत व्हावे लागत असेल, तर त्याला समता कशी म्हणायची?

माता रमाईंनाही पंढरपूरला जावेसे वाटत होते, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहे. ज्या पंढरपुरात आपल्याला देवाजवळ जाता येत नाही तिथे कशाला, आपण दुसरी पंढरी निर्माण करू, अशा आशयाचे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसे नव्या वाटेला लागली. ती पंढरी पाहायला रमाई मात्र नव्हत्या.

तेव्हा लेकराने विचारले तर टाळू नका. चोखोबा आपलेच आहेत, असे सांगा. सोयराबाईचा प्रश्न आणि कर्ममेळ्याचा जाब त्याला समजावून द्या. आणि हेही सांगा, की आपली आजी-पणजी ज्या पायरीपर्यंत जाऊन परतत होती, तिथे आपण आता रांग लावत नाही. तो जाब आपण देवाला विचारणे सोडले, समाजाला विचारू लागलो. त्यासाठी लागणारी अक्षरे लेकराच्या दप्तरात आहेत. ते दप्तर रोज उघडले जाते की नाही, एवढे मात्र आईबापांनी पाहावे.